अंगणातला हायवे

सुजाताअक्काला बोलता बोलता मोजायची सवय होती. समोर बसून ती तुमच्याशी तुरीच्या डाळीपासून नणंदेच्या बाळंतपणापर्यंत सगळं बोलायची, हसायचीसुद्धा, पण तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. एक, दोन, तीन, चार. मग नजर अंगणात जायची आणि अंगठा पुन्हा पहिल्या बोटावर. मला आधी वाटलं, जप करते. पण त्या घरात बुद्धाची मूर्ती, सकाळ-संध्याकाळ वंदना, जपमाळेचा काही संबंध नाही. शेवटी विचारलंच. तर म्हणाली, "पोरं मोजायले, काकू. मोजलेलं कुठं जात न्हाई."

बीदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं हायवेला चिकटून आमची गल्ली. तिच्या तोंडाशी माझं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, वर पत्रा, आणि ब्लाऊज वेळेवर मिळाला नाही म्हणून भांडायला आलेल्या बायका. दुकानाच्या मागं अक्काचं अंगण आणि मध्ये माझ्या खांद्याएवढी भिंत. तिच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं, आणि खोटं कशाला सांगू, मी कान झाकून घेणाऱ्यांतली नाही. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. कन्नड बोलणारे म्हणायचे, मराठी बोलणारे म्हणायचे, तिच्या आईच्या वयाची मीसुद्धा म्हणायची. जावेची पोरं म्हणतात म्हणून तिची स्वतःची पोरंही तिला अक्काच म्हणायची. आई म्हणून हाक मारणारं त्या घरात तिला कुणीच नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडलेलं दिसलं नाही.

ती उदगीरकडची. डी.एड. झालेली, पण नोकरी लागायच्या आत लग्न लागलं. नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर, सणासुदीला यायचा. दीर शेतात, जाऊ डाळ मिलमध्ये. सकाळी ती दोघं बाहेर पडली की घरात अक्का आणि पोरं. जावेची प्रज्ञा सगळ्यांत थोरली, तेव्हा दहा-अकरा वर्षांची, तेल चोपडून दोन वेण्या घातलेली, अबोल. मग अक्काची तिघं. राहुल, त्याच्या पाठची गौतमी आणि शेंडेफळ चिकू. आणखी एक होता, प्रज्ञाचा धाकटा भाऊ अनिकेत. तो हायवेवर गेला.

हा रस्ता पूर्वी साधा होता. दुपारी त्याच्यावर म्हशी बसायच्या आणि लॉरीवाले खाली उतरून त्यांना उठवायचे. मग तो रुंद झाला, मध्ये डिव्हायडर आला, आणि आमची गल्ली एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला राहिली. खालून जायला बोगदा केला म्हणतात. तो इतका लांब की तिथं जाऊन यायचं म्हणजे पोरांनी भाकरी बांधून निघावं, आणि पावसाळ्यात त्याच्यात गुडघाभर पाणी. मग कोण जातंय तिकडं. पोरं वरूनच पळायची.

अनिकेत गेल्यावर अक्कानं पोरांचं पलीकडं जाणं बंद केलं. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. जाऊ तर महिनाभर बोलतच नव्हती. सगळ्यांना वाटलं, दुःख ओसरलं की पोरं जातील परत. पण एके दिवशी सकाळी मी मशीनमध्ये दोरा ओवत होते आणि भिंतीपलीकडून चार बारक्या आवाजांत त्रिशरण ऐकू आलं. ते संपलं आणि ताटावर उलथनं आपटल्याचा आवाज झाला. अक्का म्हणाली, "शाळा भरली."

मी भिंतीवरून डोकावले. चार पोरं ओळीत मांडी घालून बसलेली आणि ही बाई मध्ये ज्वारीचा ढीग ओतून उभी. मला वाटलं, आता हे ज्वारी निवडणार आणि त्याला शाळा म्हणणार. पण बघत राहिले आणि ब्लाऊजची बाही उलटी शिवून बसले. त्या एका ढिगावर तिनं चौघांना कामाला लावलं होतं. चिकूनं मुठी भरून छोटे ढीग करायचे. गौतमीनं ते ढीग मोजायचे. राहुलनं एका ढिगात किती दाणे ते मोजून सगळ्या ढिगांत किती होतील ते सांगायचं. प्रज्ञानं तागडीत एक ढीग तोलून पोत्याचा अंदाज काढायचा. चिकूची मूठ दर वेळी कमी-जास्त भरायची, त्यामुळं राहुलचं उत्तर चुकायचं, मग राहुल चिकूवर खेकसायचा, आणि अक्का म्हणायची की भांडू नका, आता प्रत्येक ढीग तोला आणि भांडणाचा निकाल लावा. निकाल लागेपर्यंत दुपार झाली. मग त्याच ज्वारीचं पीठ दळून भाकरी झाली आणि भाकरीचे पाव, अर्धा, पाऊण तुकडे करून प्रज्ञानं सगळ्यांना वाढले. गौतमीनं आपला पाव राहुलच्या पावाला लावून बघितला. तिचा बारीक निघाला, त्यावरून पुन्हा एक धडा.

असली तिची शाळा. शाळा पलीकडची कन्नड, आणि अक्का शिकलेली मराठीत. कन्नड बोलायला यायचं, अक्षरं यायची नाहीत. मग प्रज्ञा तिला शिकवायची आणि ती प्रज्ञाकडून शिकून बाकीच्यांना. कन्नडची वळणं गोल, म्हणून चकलीच्या पिठाची अक्षरं वळायची. वाचलं त्यानं खायचं. चिकूला त्या वयात निम्मी कन्नड मुळाक्षरं येत होती, सगळी पोटातून गेलेली. माझ्या दुकानातल्या चिंध्या तर रोज मागून न्यायची. हिरव्या चिंध्या म्हणजे ऊस, पिवळ्या म्हणजे तूर, निळी लांब चिंधी म्हणजे नदी, आणि अंगणभर बीदर जिल्हा पसरलेला. मी कुरकुरायची, की बाई, गिऱ्हाइकाच्या कापडात मी चिंधी सोडते की नाही ते तुझ्या नकाशावरून कळायला लागलंय गावाला. ती हसायची. हसताना छान दिसायची, पण अंगठा थांबायचा नाही.

मला समजायला उशीर लागला की ह्या सगळ्या खेळांच्या बुडाशी एकच गोष्ट होती. ती म्हणजे तो रस्ता.

तिचा सगळ्यांत आवडता तास कानाचा. पोरांनी भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचे. हायवेवरून वाहन आलं की चिकूनं नाव सांगायचं, लॉरी, टमटम, ट्रॅक्टर, लाल बस. गौतमीनं सांगायचं ते कोणीकडून येतंय. राहुलनं ते आमच्या कडुलिंबापाशी पोचेपर्यंत अंक मोजायचे. प्रज्ञानं त्यावरून वेग काढायचा. एक लॉरी गेली की चौघांचे चार धडे. पोरांना मजा वाटायची, पैजा लागायच्या. मलाही नाद लागला. पाय पॅडलवर आणि कान रस्त्याकडं, ही भरलेली, ही रिकामी, ह्याचा सायलेन्सर गेलाय. पण एकदा मी भिंतीवरून अक्काकडं बघितलं. पोरांचे डोळे मिटलेले होते आणि तिचे उघडे. लॉरीचा आवाज जवळ येत गेला तशी तिच्या मानेची शीर वर आली, ओठ पांढरे पडले, आणि लॉरी निघून गेल्यावर तिनं जो श्वास सोडला तो मला भिंतीअलीकडं ऐकू आला. दिवसातून किती लॉऱ्या जातात त्या रस्त्यानं. प्रत्येक लॉरीला ह्या बाईचा जीव असाच वर येत असेल.

दुसरा खेळ थांबायचा. हा तर तिचा हातखंडा. ती कधीही, काहीही चाललेलं असताना "थांब" म्हणायची, आणि ज्यानं त्यानं जिथल्या तिथं थांबायचं. घास तोंडाशी असला तरी घास तसाच, पाय वर असला तरी पाय वर. ती "चल" म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही. हलला तो बाद, त्यानं ओट्यावर जाऊन बसायचं. तीन पोरं त्यात इतकी तयार झाली होती की बघून अंगावर काटा यायचा. बसवकल्याणहून अक्काची नणंद जिलेबी घेऊन आली तेव्हा पोरं पुडक्यावर तुटून पडली आणि अक्का "थांब" म्हणाली. सगळं घर एकदम गप्प. प्रज्ञा वाकलेली, राहुलचा हात हवेत, चिकूचं तोंड उघडं. नणंद बिचारी घाबरून विचारायला लागली, काय झालं ह्यांना. एकटी गौतमी जिलेबी चघळत होती.

गौतमीला ते कधी म्हणून जमलं नाही. सात वर्षांची पोरगी, सगळ्यांत हडकुळी, आणि अंगात नुसती चुळबुळ. नाक खाजवायची, पाय बदलायची, नाहीतर हसायला यायचं. तिचं निम्मं बालपण त्या ओट्यावर गेलं. अक्का बाकी कशाला रागावायची नाही, शंभरदा चुकलेला पाढा शंभरदा हसत सांगायची, पण "थांब" ला हललं की तिचा चेहरा बदलायचा. एकदा तिनं गौतमीच्या दंडाला धरून अशी गदागदा हलवली की मी भिंतीवरून ओरडले. पोरगी नंतर माझ्याकडं आली, मशीनखाली बसून बटणं लावत म्हणाली, "काकू, मलाच कामून थांबता येत न्हाई?" मी म्हटलं, तुझ्या पायांत मुंग्या आहेत म्हणून. तिनं खरंच पाय उलटा करून तळवा बघितला.

त्या दुपारी अक्का माझ्याकडं येऊन बसली. पोरीला हलवल्याचं तिला लागलं होतं. मी शिवत राहिले, कारण समोर बघितलं की ती बोलत नसे. म्हणाली की त्या दिवशी पोरांना पलीकडं न्यायची पाळी तिची होती. चिकू कडेवर, एका हातात गौतमी, राहुल आणि प्रज्ञा पुढं डिव्हायडरवर पोचलेली, आणि अनिकेत चप्पल निसटली म्हणून एक पाऊल मागं राहिलेला. तिला लांबून लॉरी दिसली. "मी म्हणलं, पळ. त्यो थांबलेला होता काकू, कडेला, नीट थांबलेला होता. माझं ऐकून पळाला."

माझी सुई कापडात तशीच राहिली. मी म्हटलं की कुणीही तेच म्हणालं असतं. ती म्हणाली, "व्हय, कुणीबी म्हणलं असतं, पण मी म्हणलं." मग उठून अंगणात गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा ताट वाजलं.

अशी दोन वर्षं गेली असतील. शाळेतले सर एके दिवशी मोटारसायकलवर आले. साधे, पोट सुटलेले, कन्नड-मराठी मिसळून बोलणारे. पोरांची नावं त्यांनी पटावर तशीच ठेवली होती, पण आता वरून विचारणा व्हायला लागली होती, आणि प्रज्ञाला तर सातवीला बसवायलाच हवं होतं. अक्कानं चहा केला आणि म्हणाली, आधी पोरांना काय येतं ते बघा. सरांनी प्रज्ञाला गणितं घातली, ती भराभरा सुटली. गौतमीनं चकलीची अक्षरं वाचून दाखवली. चिकूनं सरांच्या मोटारसायकलचा आवाज तोंडानं काढला. अक्काचा चेहरा फुलला. मग सर म्हणाले, राहुल कुठंय? राहुल सापडेना. शेवटी कणगीच्या मागं सापडला, गुडघ्यांत तोंड घालून. गाडी दारात आली तेव्हाच तो तिथं शिरला होता, आणि चड्डी ओली झाली होती. आठ-नऊ वर्षांचा पोरगा.

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "अक्का, पोरं लई हुशार केलीत तुम्ही. पण ह्ये पोरगं दारातल्या गाडीला भिऊन लपतंय. ह्ये बी तुम्हीच शिकवलंय."

सर गेल्यावर ती जी पेटली. भिंतीपाशी येऊन मला ऐकवत राहिली की त्यांचं काय जातंय बोलायला, त्यांची पोरं बीदरला शिकतात, रिक्षा दारात येते. मी ऐकून घेतलं. पण मला सरांचं पटलं होतं, आणि मी पोटात ठेवणारी नाही. मी तिला सांगितलं की तुझी प्रज्ञा काल माझ्याकडं आली होती, विचारत होती, काकू, शाळेत माझी जागा अजून असंल का. मला वाटलं, आता माझ्यावर येणार. पण ती आपल्या हाताकडं बघत राहिली. तिचा अंगठा दुसऱ्या बोटावर थांबला होता. तो थांबलेला मी पहिल्यांदा बघितला.

उन्हाळा उतरायला लागला आणि अंगणात हायवे आला. अक्कानं चुन्यानं पट्टे मारले, दोन जायचे, दोन यायचे, मध्ये विटांचा डिव्हायडर. राहुल आणि प्रज्ञा आळीपाळीनं लॉरी व्हायचे, डोक्यावर माझं कापडाचं बोचकं घेऊन. बाकीच्यांनी कान लावायचा, उजवीकडं बघायचं, डिव्हायडरपर्यंत जायचं, मग डावीकडं. मला तिनं जाड मांजरपाटाचा एक लांब पट्टा शिवायला लावला, त्याला चार कड्या. प्रत्येकानं एका कडीत मनगट अडकवायचं. पुढं प्रज्ञा, मग राहुल, मग चिकू, आणि सगळ्यांत मागं गौतमी, कारण तिचा भरवसा नाही. मी त्या कड्यांना तिहेरी टीप मारली. माझ्या आयुष्यात मी इतकं मजबूत काही शिवलं नव्हतं. पोरं त्या चुन्याच्या रस्त्यावरून दिवसभर इकडून तिकडं जायची, हसायची, लॉरीला चुकवायची, आणि अक्का कडेला उभी राहून घामानं भिजायची. खरा रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर होता. अनिकेत गेल्यापासून तिनं स्वतः त्याच्यावर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

शाळा उघडायच्या दिवशी मी दुकान लावलंच नाही. माझे गुडघे गेलेले, मला काही पोरांना पलीकडं नेता येणार नव्हतं, पण घरात बसवेना. सर आधीच येऊन डिव्हायडरवर उभे होते. दीर म्हणत होता मी नेतो, तर अक्का म्हणाली, तुम्ही रोज न्हाईत, पोरांनाच गेलं पाहिजे. तिचा आवाज ताठ होता. कड्या मात्र तिला सापडेनात, शेवटी त्यांत मनगटं मी घातली. चिकू अंगणवाडीला निघाला होता, नवा शर्ट, कपाळावर घाम. राहुलचे ओठ हलत होते, तो अंक मोजत होता.

सगळं ठरल्यासारखं झालं. पोरांनी कान लावला, उजवीकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. प्रज्ञानं पाऊल टाकलं आणि चौघं निघाली. डिव्हायडरच्या अर्ध्या वाटेवर पोचली असतील, तेवढ्यात वळणावर लॉरी दिसली. लांब होती. मी शपथेवर सांगते, लांब होती, पोरं आरामात सरांपर्यंत पोचली असती. पण माझ्या शेजारून असा आवाज फुटला की तो माणसाचा वाटला नाही.

"थांब!"

आणि पोरं थांबली. दोन वर्षं शिकवलं होतं तसं, हायवेच्या मधोमध, जिथल्या तिथं. प्रज्ञाचं पाऊल अर्धं उचललेलं. राहुलचं तोंड उघडं. चिकूचा हात कडीत, पापणीसुद्धा हलत नाही. लॉरी हॉर्न देत आली. सर डिव्हायडरवरून "लगू बर्री, लगू बर्री" म्हणून लवकर यायला ओरडत होते, पण पोरं सरांचं कशाला ऐकतील. अक्काला दुसरा शब्द फुटेना. तोंड उघडं, हात पुढं, आणि तीसुद्धा पोरांसारखीच थिजलेली. मी "चल" म्हणायला हवं होतं, मला ठाऊक होता तो शब्द, पण माझी जीभ टाळूला चिकटली.

गौतमी हलली. तिचं नाक खाजलं असेल, पाय अवघडला असेल, नाहीतर भीती वाटली असेल, देव जाणे. ती हलली आणि मग पळतच सुटली, चिकूच्या पुढून, राहुलच्या पुढून, आणि तो पट्टा ताणला गेला. चिकू फरफटला, राहुल पडता पडता ओढला गेला, प्रज्ञा उलटी फिरली, आणि सरांनी वाकून जे हाताला लागेल ते धरलं. मग लॉरी आमच्या आणि त्यांच्या मधून गेली. ब्रेकचा करकरीत आवाज, धूळ, वारा. ती जाईपर्यंत आम्हाला पलीकडचं काही दिसलं नाही. तेवढा वेळ मी अजूनही कधीकधी झोपेत जगते.

धूळ बसली. डिव्हायडरवर चार पोरं होती. मी मोजली, अक्काच्या आधी मी मोजली. चिकूचे गुडघे फुटले होते, तो भोकाड पसरून रडत होता. गौतमीही रडत होती, पण वेगळ्याच कारणानं. ती इकडं बघून ओरडत होती की अक्का, मी हलले, मी बाद झाले.

अक्का मातीत बसली. तिला उठवून दुकानात आणली, पाणी दिलं. सर पोरांना पलीकडं घेऊन गेले होते, शाळेची घंटा ऐकू येत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "माझ्या तोंडातच मरण हाय का ओ, काकू? पळ म्हणलं तरी, थांब म्हणलं तरी."

मी तिचे हात चोळत राहिले. खूप भीती वाटली मला त्या क्षणी, तिची आणि तिच्यासाठी. ही बाई आता पोरांना उंबऱ्याबाहेर काढत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, राहुल आता कणगीमागंच मोठा होणार. संध्याकाळी दिरानं पोरांना परत आणलं. अंगणातून आवाज नाही, ताट नाही, काही नाही. जाऊसुद्धा मिलमधून आल्यावर भिंतीपाशी येऊन मला हळूच विचारून गेली की आता काय होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचा पत्रा वर करत होते आणि गल्लीतून ती आली. मागं पोरं, पाठीला दप्तरं. तिचा चेहरा सुजलेला. पट्टा तिच्या हातात होता. रस्त्याच्या कडेला थांबून तिनं कड्यांचा क्रम बदलला. प्रज्ञाला सगळ्यांत मागं घातलं, मध्ये राहुल आणि चिकू, आणि पुढच्या कडीत गौतमीचं मनगट अडकवलं. पोरगी गोंधळून बघायला लागली, की बाद झालेल्याला पुढं कसं घेतात. अक्का तिच्यापुढं उकिडवी बसली.

"आजपासून तू पुढं. तू बघ, तू ऐक, आणि तुला वाटंल तसं जा. मी हितनं काय बी ओरडले तरी माझं ऐकायचं न्हाई. कळलं का?"

गौतमीनं मान हलवली. मग अक्का उठली, पदराचं टोक घडी घालून तोंडात कोंबलं आणि दातांखाली घट्ट धरलं. पोरं निघाली. तिच्या घशातून आवाज येत होता, पण शब्द एकही बाहेर पडला नाही. पोरं डिव्हायडरवर पोचली, तिथून पलीकडं, आणि गौतमीनं मागं वळून हात केला. अक्काच्या पदरावर रक्ताचा ठिपका होता.

पुढं रोज तसंच. राहुलला गाड्यांची भीती राहिली, पण तो जायला लागला. संध्याकाळी अंगणात ताट वाजायचं, ज्वारीचे ढीग पडायचे, चकल्यांची अक्षरं तळली जायची, गल्लीतली आणखी पोरं यायला लागली. थांबायचा खेळ तेवढा बंद झाला. तो शब्द त्या अंगणात मी पुन्हा ऐकला नाही. म्हशीला सुद्धा ती हातानं अडवायची.

माझे गुडघे अगदीच बसले तेव्हा मुलीनं मला बसवकल्याणला न्यायचं ठरवलं. मशीन विकलं, पत्रा काढला. निघायच्या सकाळी अक्का घाईत येऊन पाया पडली आणि पोरांची वेळ झाली म्हणून गेली. आमची बस गल्लीच्या तोंडावरून वळली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. ती कडुलिंबाखाली उभी होती, पदर तोंडात, अंगठा बोटांवर. मी हात केला. तिचं लक्ष नव्हतं. मी पलीकडच्या खिडकीकडं मान वळवून शाळेकडं बघितलं. फाटकातून आत जाणारी शेवटची गौतमी होती, पट्टा गळ्यात अडकवून उड्या मारत चाललेली. पोरं केव्हाच पोचली होती. पुन्हा इकडं बघितलं तर अक्का अजून तशीच उभी होती आणि पदर तिनं अजून सोडला नव्हता.